आवाज त्याचा, नाव दुसऱ्याचं: क्लाइड मॅकफॅटर आणि ड्रिफ्टर्सचा १९५५ चा व्यवहार

प्रकरण कशाचं आहे

१९५५ साली अमेरिकेत एका गायकाने स्वतःच उभ्या केलेल्या व्होकल ग्रुपमधली आपली निम्मी मालकी मॅनेजरला विकली आणि तो एकट्याने गायला मोकळा झाला. गायक क्लाइड मॅकफॅटर, ग्रुप ड्रिफ्टर्स, मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेल. मॅकफॅटर तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्यानंतर तो सतरा वर्षं जगला. ड्रिफ्टर्स या नावावर मात्र आजही तिकिटं खपतात.

रिदम अँड ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीताचा इतिहास लिहिणारे हा व्यवहार बहुधा दोन वाक्यांत उरकतात. त्याने हिस्सा विकला, मागे राहिलेल्यांचे हाल झाले, पुढे त्याला पस्तावा झाला. यातलं काहीच खोटं नाही. पण १९५५ साली त्याच्या जागी बसून पाहिलं तर विकण्याचा निर्णय वेडेपणाचा वाटत नाही, उलट बऱ्यापैकी शहाणपणाचा वाटतो. म्हणून हे प्रकरण सावकाश बघायचं. माझ्या मते चूक विकण्याच्या क्षणी झालेली नाही, ती दोन वर्षं आधीच होऊन बसली होती.

पार्श्वभूमी

क्लाइडचा जन्म १५ नोव्हेंबर १९३२ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅमचा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पोरगा चर्चच्या कॉयरमध्येच गायला शिकला. १९४५ मध्ये कुटुंब उत्तरेला न्यू जर्सीत आलं आणि पुढे न्यूयॉर्कला. तिथे हार्लेममध्ये तो माउंट लेबनन सिंगर्स या गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गाणाऱ्या गटात होता. आवाज उंच, पातळ, पण पोकळ अजिबात नाही. एका अक्षरावर चार-पाच हरकती घेत खाली उतरायचं आणि मध्येच हुंदका आल्यासारखा स्वर मोडायचा, ही त्याची खासियत. चर्चमध्ये देवासाठी लावतात तो आर्त सूर त्याने प्रेमाच्या गाण्यात जसाच्या तसा आणला. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी काही भाविकांना तो चक्क पाखंडीपणा वाटत होता.

हार्लेमच्या ॲपोलो थिएटरमध्ये हौशी गायकांसाठी स्पर्धेची रात्र असे. तिथे त्याने बक्षीस मारलं आणि १९५० मध्ये बिली वॉर्डने त्याला आपल्या डॉमिनोज या ग्रुपमध्ये घेतलं.

व्होकल ग्रुप म्हणजे चार-पाच गळे. वाजवणारे बाहेरचे. एक जण खर्जात, दोघे-तिघे मधल्या पट्टीत, आणि वर लीड गाणारा. ऐकणाऱ्याच्या कानात राहतो तो लीडचा आवाज, पण रेकॉर्डच्या चकतीवर छापलं जातं ग्रुपचं नाव. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीवर उभं आहे.

वॉर्ड हा जूलियार्ड संगीत विद्यालयात शिकलेला, लष्करात राहून आलेला माणूस. गाणं शिकवायचा, गाणी लिहायचा, पियानो वाजवायचा आणि ग्रुप पलटणीसारखा चालवायचा. शिस्त मोडली की दंड. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत पगारी नट आणि मालक असा जो भेद असे, तोच इथे होता. नाव, करार, रॉयल्टी सगळं वॉर्डचं, गाणारे पगारी. पगार आठवड्याला शंभर डॉलर, आणि त्यातून कर, जेवण, हॉटेलचं भाडं कापलं जाई. भरीस भर म्हणजे क्लाइडची ओळख कधी कधी 'क्लाइड वॉर्ड' अशी, मालकाचा धाकटा भाऊ म्हणून करून दिली जाई. लोकांना वाटावं की तो सुंदर आवाज वॉर्डांच्या घरातलाच आहे.

अडचण

डॉमिनोज चालत नव्हता असं नाही, तो तुफान चालत होता. १९५१ मध्ये 'सिक्स्टी मिनिट मॅन' ही त्यांची रेकॉर्ड बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. त्यात लीड खर्जातल्या बिल ब्राउनचा होता. १९५२ च्या 'हॅव मर्सी बेबी'त लीड क्लाइडचा, आणि ती १० आठवडे पहिली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी देशातल्या प्रत्येक काळ्या वस्तीतल्या ज्यूकबॉक्समधून त्याचा आवाज येत होता.

त्याने नंतर सांगितलेली एक आठवण अशी की स्वतःच्या गल्लीत परत यावं, तिथे प्रत्येकाने आपल्या रेकॉर्ड ऐकलेल्या असाव्यात, आणि खिशात कोका-कोला घेण्यापुरतेही पैसे नसावेत. असं त्याच्यावर अनेकदा आलं. गल्लीतली पोरं भोवती जमणार, यशस्वी माणसाने चार जणांना काही पाजावं ही अपेक्षा रास्तच, आणि हा उभा हात हलवत.

आता यात कायदेशीर फसवणूक किती, असं विचारलं तर फारशी नाही. करारात पगार होता, पगार मिळत होता. रेडिओवर रेकॉर्ड वाजली की अमेरिकेत तेव्हाही गाणाऱ्याला छदाम मिळत नसे. पैसे जात ते गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला कमाई दोनच वाटांनी, रेकॉर्ड खपल्याची रॉयल्टी आणि कार्यक्रमांची बिदागी. या दोन्ही वाटांवर नाक्याला वॉर्ड बसलेला. ब्राउन आणि आणखी एक गायक १९५१ मध्येच बाहेर पडले होते. क्लाइडला तिथे राहून काही बदलणं शक्य नव्हतं.

पहिला निर्णय: १९५३

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. वॉर्डकडे वाढ मागायची, ती मिळणार नव्हती. एकट्याने गायचं, पण त्या वेळी या संगीतात ग्रुपना भाव होता, आणि चार आवाजांच्या आधाराने गायची सवय लहानपणापासूनची. तिसरी वाट म्हणजे स्वतःचा ग्रुप काढायचा, तो आपल्या अटींवर. जायच्या आधी त्याने आपल्या जागी आलेल्या जॅकी विल्सनला काही काळ तयार केलं, हे त्याच्या स्वभावाबद्दल बरंच सांगतं.

पुढचा प्रसंग अमेरिकन संगीतात दंतकथेसारखा सांगितला जातो. अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचा संस्थापक अहमेट अर्टेगन न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये डॉमिनोज ऐकायला गेला. मंचावर क्लाइड नाही. वॉर्डला विचारलं तर म्हणाला, काढून टाकला त्याला. अर्टेगन तडक उठला, हार्लेममध्ये क्लाइडला शोधून काढलं आणि करार केला. पदरी पडलेलं सोनं दुसऱ्याने टाकून दिलं आणि याने उचललं, असा या गोष्टीचा रोख असतो. माझं लक्ष त्याच्या नंतरच्या दोन महिन्यांकडे जातं.

क्लाइडने ग्रुप बांधला तो माउंट लेबननच्या जुन्या सोबत्यांना घेऊन. जून १९५३ मध्ये पहिलं रेकॉर्डिंग झालं. कंपनीला मागचे आवाज पसंत पडले नाहीत. क्लाइडने ते बदलले आणि ऑगस्टमध्ये नव्या मंडळींसह पुन्हा रेकॉर्डिंग केलं. त्यातून आलं जेसी स्टोनने लिहिलेलं 'मनी हनी'. ते ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. चकतीवर छापलं होतं 'क्लाइड मॅकफॅटर अँड द ड्रिफ्टर्स'. आता त्याचं नाव आधी आणि ग्रुपचं मागे. वॉर्डचा धाकटा भाऊ म्हणून मिरवलेल्या मुलाने पहिली अट कुठली घातली असेल ते सांगायला नको.

मालकीची व्यवस्थाही त्याने वेगळी करून घेतली. डॉमिनोजमध्ये नाकारलेला नफ्यातला वाटा इथे मिळाला. ग्रुपची निम्मी मालकी त्याची, निम्मी मॅनेजर ट्रेडवेलची. ट्रेडवेल हा जुना जॅझ ट्रम्पेटवाला, गायिका सारा व्हॉनचा नवरा आणि मॅनेजर. धंदा त्याला कळत होता.

आणि बाकीचे गायक? ते पगारी.

माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक ही. क्लाइडने वॉर्डची व्यवस्था मोडली नाही. त्या व्यवस्थेत तो स्वतः पगाऱ्यांच्या रांगेतून उठून मालकांच्या रांगेत जाऊन बसला. शिवाय पहिली रेकॉर्ड बाजारात यायच्या आत मागचे सगळे आवाज बदलूनही ग्रुपचं नाव तेच राहतं, हे त्याने स्वतःच्या हाताने दाखवून दिलं होतं. हा धडा ट्रेडवेलच्या लक्षात राहिला, असं पुढच्या घटना पाहून म्हणावं लागतं.

मधला काळ: लष्कर

१९५४ मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. नेमणूक न्यूयॉर्क राज्यातच, बफेलोकडे, त्यामुळे रजा घेऊन रेकॉर्डिंगला येता येई. दौऱ्यांवर मात्र ग्रुप दुसरा लीड घेऊन जाऊ लागला. गणवेशात असतानाच 'हनी लव्ह' आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्यात गीतलेखनाच्या श्रेयातही त्याचं नाव होतं. वर्षाच्या शेवटी आला ड्रिफ्टर्सचा 'व्हाइट ख्रिसमस'. खर्जात बिल पिंकनी सुरुवात करतो आणि अर्ध्यात क्लाइड वरून झेप घेतो. ते गाणं अमेरिकेत अजूनही डिसेंबर आला की वाजतं.

या वर्षभरात दोघा मालकांनी एकाच परिस्थितीतून उलट निष्कर्ष काढले असं दिसतं. क्लाइडने पाहिलं की आपण दौऱ्यावर नसलो तरी आपल्या आवाजाची रेकॉर्ड खपते, म्हणजे ग्रुपची गरज नाही. ट्रेडवेलने पाहिलं की क्लाइड मंचावर नसला तरी ड्रिफ्टर्सचं पोस्टर लागलं की लोक येतात, म्हणजे क्लाइडची गरज नाही. दोघांचंही त्या घडीला बरोबर होतं.

दुसरा निर्णय: १९५५

लष्करातून सुटल्यावर एकट्याने गायचं हे ठरल्यासारखंच होतं. अटलांटिकलाही तेच हवं होतं. निर्णय घ्यायचा होता तो निम्म्या मालकीचा.

हिस्सा ठेवून देता आला असता. पण निम्मा मालक म्हणजे निम्म्या कटकटी. गाड्या, हॉटेलं, कपडे, बदलत जाणारे गायक, आणि दौरे चालवणार ट्रेडवेल. वर्षाच्या शेवटी नफा किती झाला हे तोच सांगणार. बाहेर पडलेल्या भागीदाराला असल्या धंद्यात नफा दिसतच नाही, खर्च तेवढे दिसतात. हिस्सा सोबत्यांना देता आला असता, पिंकनीला आणि ग्रुपमधल्या थ्रॅशर भावांना. पण मग हातात काहीच आलं नसतं, आणि त्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे कुठले? तिसरी वाट ट्रेडवेलला विकायची. पैसा लगेच, भानगड नाही.

नावाची किंमत त्याने काय धरली असेल? व्होकल ग्रुपचं आयुष्य तेव्हा दोन-तीन वर्षांचं मानलं जाई. लीड गेला की ग्रुप संपला, हा बाजारातला सर्वसाधारण अनुभव. त्याच्या स्वतःच्या अनुभवातही तेच होतं. तो बाहेर पडला आणि जॅकी विल्सनसारखा गायक हाताशी असूनही डॉमिनोजची पहिल्या क्रमांकाची मालिका थांबली. मी नसलो तर हे नाव रिकामं खोकं आहे, असं त्याने धरलं असेल तर त्याला अहंकार म्हणवत नाही. हाताशी असलेल्या पुराव्यावरून निघणारं ते सरळ अनुमान होतं.

पण तोच पुरावा दुसऱ्या बाजूनेही वाचता येत होता. डॉमिनोजची गाणी पूर्वीइतकी गाजत नव्हती, तरी वॉर्डला कामाची ददात नव्हती. लास व्हेगासच्या हॉटेलांत कार्यक्रम लागत होते. गायक गेले, आले, वॉर्ड होता तिथेच होता. क्लाइडने गाण्यांचे क्रमांक पाहिले, कार्यक्रमांच्या तारखा पाहिल्या नाहीत. गायकाने पाहिलं असतं तेच त्याने पाहिलं.

हिस्सा ट्रेडवेलकडे गेला. मागे राहिलेल्या गायकांसाठी व्यवहारात कुठलीही तरतूद नव्हती. पगाराची नाही, वाट्याची नाही, नावाची तर नाहीच.

परिणाम: मागे राहिलेल्यांचं काय झालं

पिंकनीने १९५६ मध्ये पगारवाढ मागितली. त्याला काढलं गेलं. निषेध म्हणून थ्रॅशर भावांपैकी अँड्र्यू त्याच्यासोबत बाहेर पडला. १९५८ मध्ये ट्रेडवेलने उरलेला सगळा ग्रुप एका फटक्यात बरखास्त केला. पण ॲपोलो थिएटरला दिलेल्या तारखा बाकी होत्या. मग त्याने फाइव्ह क्राउन्स नावाचा वेगळाच ग्रुप उचलला आणि त्यांना सांगितलं, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स.

त्या पोरांपैकी एक बेन ई. किंग. 'मनी हनी'शी या मंडळींचा सुतराम संबंध नव्हता. १९५९ मध्ये त्यांचं व्हायोलिनांच्या साथीचं गाणं सर्वसाधारण पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि १९६० मध्ये 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' पहिल्या. क्लाइडच्या ड्रिफ्टर्सना गोऱ्या श्रोत्यांच्या यादीत एवढं वर कधीच जाता आलं नव्हतं. किंगनेही पगारवाढ आणि रॉयल्टीत वाटा मागितला, तो मिळाला नाही, तोही गेला. त्याच्या जागी रूडी लुइस आला.

एका प्रसंगात हे सगळं जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही. मे १९६४. 'अंडर द बोर्डवॉक'चं रेकॉर्डिंग ठरलेलं, लीड लुइस गाणार होता. आदल्या रात्री लुइस वारला. स्टुडिओ ठरलेला, वादक ठरलेले, म्हणून दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग झालंच, लीड गायला जॉनी मूर. गाणं पॉप यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. ते ऐकणाऱ्या बहुतेकांना माणूस बदलल्याचं कळलंही नसेल. चकतीवर नाव तेच होतं ना.

ट्रेडवेल १९६७ मध्ये वारला. त्याची पत्नी फे हिने ते नाव पुढे अनेक दशकं कोर्टकचेऱ्या करून सांभाळलं. दुसरीकडे पिंकनी 'ओरिजिनल ड्रिफ्टर्स' घेऊन फिरत होता, आणखीही कितीतरी ड्रिफ्टर्स निघाले. नावांचा हा बाजार इतका माजला की २००५ नंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांना कायदे करावे लागले. मूळ रेकॉर्डवर गायलेला एकही माणूस नसताना जुन्या ग्रुपचं नाव लावून कार्यक्रम करू नये, असा त्यांचा आशय.

परिणाम: मॅकफॅटरचं काय झालं

सुरुवात झकास झाली. १९५६ मध्ये 'ट्रेझर ऑफ लव्ह' रिदम अँड ब्लूज यादीत पहिलं. १९५८ च्या 'अ लव्हर्स क्वेश्चन'ने तर पॉप यादीतही सहावा क्रमांक गाठला, आणि एकट्याने गाण्याचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध झालं. मग १९५९ मध्ये त्याने अटलांटिक सोडून एमजीएम कंपनी धरली आणि वर्षभरात तीही सोडून मर्क्युरी. माझ्या दृष्टीने हिस्सा विकण्यापेक्षा हा निर्णय जास्त कच्चा होता. अटलांटिकमध्ये त्याच्या आवाजाला कुठलं गाणं, कुठला वादक शोभतो हे जाणणारी माणसं होती. इतरत्र तो अनेकांपैकी एक. १९६२ मध्ये 'लव्हर प्लीज' सातव्या क्रमांकावर गेलं, आणि तेच त्याचं शेवटचं मोठं यश.

त्यानंतर उतार. दारू वाढली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर संगीत बदललं, मोटाउन कंपनीचं संगीत आलं, सोल आलं. गंमत अशी की सोल म्हणून जे विकलं जात होतं, चर्चचा सूर प्रेमगीतात, ते याने १९५२ लाच करून ठेवलं होतं. १९६८ मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथे त्याला मानणारे काही लोक होते, पण जम बसला नाही. १९७० मध्ये परतला, एक अल्बम काढला, तो गाजला नाही. १३ जून १९७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय ३९.

हिस्सा विकला म्हणून दारू, आणि दारू म्हणून मरण, अशी सरळ रेघ ओढणारे लेख मी वाचले आहेत. मला ती रेघ पटत नाही. नावात निम्मा हिस्सा असूनही दारू प्यायलेले लोक त्या धंद्यात कमी नव्हते. एवढं मात्र म्हणता येतं की १९६० नंतर रेकॉर्ड चालेनाशी झाली तेव्हा त्याच्याकडे टेकायला दुसरं काही नव्हतं. ज्या वर्षांत त्याला छोट्या क्लबांत काम मिळवायला धडपडावं लागत होतं, त्याच वर्षांत त्याने उभं केलेलं नाव देशभर पोस्टरवर होतं, आणि त्यातला एक डॉलरही त्याच्याकडे येत नव्हता.

विकलेल्या हिश्शाबद्दल त्याने पुढे खंत व्यक्त केली, आणि ती स्वतःच्या नुकसानीपेक्षा सोबत्यांबद्दलची होती. आपल्या व्यवहारामुळे ते कायमचे कमी पगारात अडकले, हे त्याला उमगलं होतं.

मरणानंतरचा मान भरपूर मिळाला. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एकट्याचं नाव, १९८८ मध्ये ड्रिफ्टर्सबरोबर पुन्हा. दोनदा निवडला गेलेला तो पहिलाच कलाकार. त्याच १९८८ मध्ये, त्याच्यासोबत युगुलगीत गायलेल्या रूथ ब्राउनच्या रॉयल्टीसाठीच्या अनेक वर्षांच्या भांडणाला यश आलं. अटलांटिकने जुन्या कलाकारांच्या नावे लावून ठेवलेला रेकॉर्डिंगचा खर्च माफ केला, आणि जुन्या कलाकारांना मदत करणारं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं, त्याला अर्टेगनने पंधरा लाख डॉलर दिले. क्लाइड असता तर तेव्हा ५५ वर्षांचा असता.

वेगळं काय करता आलं असतं

सहसा सुचवलं जातं ते असं की त्याने १९५३ मध्येच सगळ्या गायकांना समान भाग द्यायला हवे होते. म्हणायला सोपं आहे. पण त्याच दशकात प्लॅटर्स या दुसऱ्या व्होकल ग्रुपच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, आणि त्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. १९५६ मध्ये त्यांचा मॅनेजर बक रॅम याने कंपनी काढली, पाचही गायकांना भाग दिले, आणि बदल्यात ग्रुपच्या नावावरचे हक्क कंपनीकडे घेतले. एकेक गायक बाहेर पडला तसे भाग रॅमकडे जमा होत गेले. पुढे १९७४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की ती कंपनी म्हणजे नाव हडपण्यासाठी उभा केलेला देखावा होता. तोवर प्लॅटर्सचं आयुष्य सरलं होतं. म्हणजे नुसते भाग वाटून भागत नाही. भाग कुणाला विकता येतील आणि आधी कुणाला विचारावं लागेल, हे लिहिलेलं नसेल तर ज्याच्याकडे रोकड असते तोच शेवटी सगळं गोळा करतो.

माझ्या मते १९५३ मध्ये एक गोष्ट शक्य होती. 'मनी हनी'ने कंपनीचा गल्ला भरला तेव्हा क्लाइडचा शब्द वजनदार होता. त्या जोरावर नव्या मंडळींना पगाराबरोबर रेकॉर्डच्या रॉयल्टीत लहानसा का होईना वाटा लिहून देता आला असता. पिंकनीला वाढ मागायला जावं लागलं नसतं असं नाही, पण त्याला काढून टाकणं ट्रेडवेलला महाग पडलं असतं.

आणि १९५५ मध्ये? विकायचं, पण नाव विकायचं नाही. नाव ठरावीक वर्षांसाठी वापरायला द्यायचं, दर कार्यक्रमामागे ठरलेली रक्कम घ्यायची. नफ्यात टक्का मागायचा नाही, कारण नफा हिशेबात नाहीसा करता येतो. कार्यक्रम झाला की नाही हे मात्र लपत नाही, जाहिरात वर्तमानपत्रात छापून येते. मुदत संपली की नाव परत. ट्रेडवेल याला तयार झाला असता का? बहुधा कुरकुरला असता, आणि हातात आली असती ती रक्कमही कमी असती. पण लीड गेलेला, पुढे काय होणार ठाऊक नाही, अशा अवस्थेत तोही घाईत होता. १९५९ नंतर असा करार कुणी केला नसता. १९५५ मध्ये, नाव रिकामं आहे असं दोघांपैकी निदान एकाला तरी वाटत असताना, तो स्वस्तात झाला असता.